कंपासपेटीतला सर्व्हो

लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझ्या सासऱ्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. हाक मारायची तर समोर यावं लागतं, आणि तेच होत नव्हतं. आम्ही खाडीकाठचे कोळी. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या पलीकडे आमची वस्ती. ते पूर्वेला राहायचे. एका मोठ्या कंपनीतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, घरातलं वर्तमानपत्रसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवणारे गृहस्थ. त्यांच्या मुलीने माझ्याशी रजिस्टर लग्न केलं, त्या दिवशी ते आले नाहीत आणि पुढेही कधी आले नाहीत. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटवता आलं असतं. दर रविवारी बायको एकटी माहेरी जायची आणि परत आल्यावर तासभर माझ्याशी धड बोलायची नाही. वडिलांनी एकदा आमच्याकडे यावं, चहा घ्यावा, एवढंच तिचं मागणं होतं. मी तोंडाने "नाही आले तर नाही आले, माझं काय अडलंय" म्हणायचो. खरं तर मलाही तेच हवं होतं, आणि ते हवं असल्याचा रागही यायचा.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. माझा मेहुणा अमेरिकेत होता. वडिलांचा वेळ जात नाही म्हणून एका सुट्टीत येताना तो त्यांच्यासाठी रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर घेऊन आला. जोडलेलं नव्हे, सुटं. खोकाभर भाग आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका. मी ऐकलं आणि हसलो.

"म्हातारपणी खेळणं?"

"खेळणं म्हणू नकोस हं," बायको म्हणाली. "खरं इंजिन आहे त्याला. दीड महिना झाला, बाबा ते जुळवतायत. आई जेवायला हाका मारते तरी उठत नाहीत."

यानंतरच्या रविवारी ती आली ती हातात कंपासपेटी घेऊन. जुनी पितळी कडीची, आत निळी मखमल असलेली. कर्कटकाच्या जागी काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी डबी होती आणि सोबत चौकोनी कागदावर, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं: "सर्व्होचा आर्म दांडीशी काटकोनात बसत नाही. एक दाता पुढे घेतला तर जास्त होतो, मागे घेतला तर कमी. पाहावे. शाफ्ट हलवू नये." वर मायना नाही, खाली सही नाही.

"कुणी पाहावे?" मी विचारलं.

"तूच, आणखी कोण? तू कारखान्यात मीटरं दुरुस्त करतोस असं मी म्हटलं. तर म्हणाले, बघू दे."

"माझ्याबद्दल म्हणाले?"

"नाव नाही घेतलं. पण बघू दे म्हणाले."

माझा स्वभाव तापट. ती पेटी तशीच बंद करून परत पाठवावी असं पहिल्यांदा डोक्यात आलं. सांगून टाकावं, मीटरवाला रिकामा नाही म्हणून. पण पेटी उघडी होती आणि ती काळी डबी समोर दिसत होती. अशी वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि न पाहिलेली वस्तू न उघडता परत करणं मला जमत नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात माझं सगळं आयुष्य त्याच खोडीवर चाललं होतं.

सर्व्हो म्हणजे त्या हेलिकॉप्टरचा स्नायू. डबीच्या आत एक पिटुकली मोटर आणि गिअर. रिमोटची काडी जेवढी हलवावी, तेवढंच डबीच्या डोक्यावरचं टोक फिरतं आणि तिथेच थांबतं. त्या टोकावर प्लॅस्टिकचा एक पांढरा हात बसवायचा, हाताला दांडी जोडायची, आणि ती दांडी वर पंख्याच्या पात्यांचा कोन बदलते. असे पाच सर्व्हो असतात. रिमोटची काडी मधोमध असताना हा हात दांडीशी बरोबर काटकोनात हवा. नाहीतर वर जाताना हेलिकॉप्टर जास्त ओढतं आणि खाली येताना कमी. सासऱ्यांनी हात कुठे यायला हवा ती रेघ डबीवरच पेन्सिलीने आखून पाठवली होती. केसाएवढी बारीक, आणि हात त्या रेघेच्या थोडा अलीकडे नाहीतर थोडा पलीकडे, पण रेघेवर येईल तर शपथ.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी भिंग लावून टोकावरचे दाते मोजले. पंचवीस. पुन्हा मोजले, पंचवीसच. हा पंचवीस आकडा मला खटकला. चोवीस का नाही? चोवीसला किती सोयीचे भाग जातात. हात मात्र फुलीसारखा होता, चार टोकांचा. त्यातली तीन टोकं बिनकामाची. मग मी डबा खाता खाता घास हातात धरून थांबलो. पंचवीसला चाराने भागलं की सव्वासहा. पूर्ण दाते येत नाहीत, पाव दाता उरतो. म्हणजे फुली पाव वळसा फिरवून बसवली की नवं टोक जुन्या टोकाच्या जागी बरोबर येतच नाही. पाव दात्याने सरकून येतं. ती तीन टोकं बिनकामाची नव्हती. एका फुलीत चार वेगवेगळे हात होते आणि त्यातला कुठला बसतो ते शोधायचं होतं!

पहिलं टोक नाही, दुसरं नाही. तिसरं पेन्सिलीच्या रेघेवर असं जाऊन बसलं की मी टेबलावर हात आपटला. शेजारचा दचकून म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली काय?" मला तसंच वाटलं होतं. बाकीची तीन टोकं मी पक्कडीने कापली, कानशीने घासली आणि सर्व्हो पेटीत ठेवून दिला. चिठ्ठी लिहिली नाही. त्यांनी मायना लिहिला नव्हता, मी उत्तर कशाला लिहू?

पुढच्या रविवारी पेटी परत आली. "हाच हात का? समजवावे."

त्यांना ते टोचलं होतं, हे मला त्या चार शब्दांतूनही कळलं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. मी कागदावर आकृती काढली, सव्वासहाचं गणित मांडलं. तो कागद आठवड्याने माझ्याकडे परत आला. माझ्या आकृतीवर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण होती. शेजारी "सुमारे साडेतीन अंश" असं मी लिहिलेलं खोडून वर "३.६" केलेलं होतं. बायकोने तो कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. मी काढायला गेलो तर हातावर चापट मारली.

मग पेटी दर रविवारी यायला लागली. एखाद्या दांडीला झोल आहे, एखाद्या सर्व्होचा आवाज गुणगुणल्यासारखा येतो, काहीतरी असायचंच. मी सोमवारी उतावीळ असायचो. सासऱ्यांशी माझी ओळख अशी व्हायला लागली, अक्षरावरून आणि शंकांवरून. ते घाईत लिहीत नाहीत, एकच प्रश्न दोनदा विचारत नाहीत, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणतात. असा माणूस मला बाहेर कुठे भेटला असता तर मी त्याच्या मागे लागून मैत्री केली असती.

पावसाळा संपल्यावर मोठा प्रश्न आला. "हेलिकॉप्टर जमिनीपासून वीतभर वर येते, पण डुलते. आर्म भाराखाली वाकत असावा. मजबुती करावी." सोबत सगळ्यात लांब हाताचा सर्व्हो होता. मी टोकावर अंगठा दाबला. हात खरंच लवत होता, थोडासाच, पण वर पात्यांवर त्या थोड्याचं बरंच होत असणार.

कारखान्यात सर्किटं ज्या पत्र्यासारख्या फायबरच्या पाटीवर बनवतात, तिचे तुकडे भंगारात पडलेले असायचे. पातळ, कडक, वाकायला तयार नाही. त्याची हाताएवढी पट्टी कापून मी खाली बसवली. पण नुसत्या चिकटवण्यावर माझा भरवसा नव्हता. बांधायला हवं होतं, आणि बांधायचं म्हटलं की माझी आई.

आई ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करायची. मी तिच्यासमोर सर्व्हो धरला. तिने तो नाकापाशी नेऊन पाहिला.

"यवरासा हात, नी त्याला दोरा?" ती हसली. "कोनाला धरतंय यो?"

पण बांधून दिलं ते असं, की मी बघत राहिलो. नायलॉनचा बारीक दोरा ओला करून एकाला एक लागून वेढे, प्रत्येक वेढा दाताने ताणलेला, आणि शेवटचं टोक वेढ्यांच्याच खालून ओढून आत घेतलेलं. गाठच नाही. होडीच्या दोरखंडांची टोकं आमच्याकडे अशीच बांधतात. वरून मी इपॉक्सीचा डिंक चढवला.

रविवारी चिठ्ठी आली: "भिंगाने पाहिले. गाठ सापडली नाही. कशी मारली ते लिहावे."

मला चेव चढला. उत्तर लिहिलं, "हे लिहून सांगता येत नाही. बघायला यावं लागतं." लिहिलं आणि बायकोला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं आणि कागद जपून पेटीत ठेवला. त्याचं उत्तर आलं नाही. पेटीत फक्त उरलेले चार सर्व्हो आले.

तेव्हा माझं डोकं फिरलं. यायचं नाही ना? ठीक. मग असं काम करून देतो की आयुष्यभर आठवण राहील. चारही हातांना मी खालून आणि वरून, दोन्हीकडून पट्ट्या लावल्या. त्या मधल्या स्क्रूखालपर्यंत नेल्या. पहिला सर्व्होही मागवून घेतला आणि तसाच केला. जाळ्याचा सगळ्यात जाड दोरा घेतला आणि वेढे आईला न विचारता स्वतः घातले. त्या हातांवर मी पक्कड लावून पाहिली. पक्कड घसरली, हात हलला नाही. शेखी मिरवायला कुणी समोर नव्हतं म्हणून आईलाच दाखवले. ती म्हणाली, "लय झाला." मला वाटलं, कौतुक करतेय.

सासरे हेलिकॉप्टर उडवायला मिठागरापलीकडच्या मोकळ्या मैदानात जातात, हे बायकोकडून कळलं होतं. एका सुट्टीच्या सकाळी मी खाडीच्या बांधावर जाऊन बसलो. लपूनच म्हणा ना. हातात उगाच एक गळ घेतला होता. लांबून ते छोटे दिसत होते. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात अडकवलेला रिमोट. हेलिकॉप्टरच्या पायांना त्यांनी बांबूच्या दोन काठ्या फुलीसारख्या बांधल्या होत्या आणि टोकांना टेबल टेनिसचे चेंडू लावले होते, कलंडू नये म्हणून. ती युक्ती पाहून मी मनात दाद दिली.

इंजिन तडतडलं. हेलिकॉप्टर गुडघ्याएवढं वर आलं आणि थांबलं. डुललं नाही. हवेत खुंटीला टांगून ठेवल्यासारखं एका जागी उभं राहिलं. त्यातले पाचही हात माझे होते. मी गळ सोडून उभाच राहिलो. कमरेएवढं गेलं. छातीएवढं गेलं. आणि खाडीवरून वाऱ्याचा एक झोत आला, नेहमी येतो तसा. आम्हाला तो ठाऊक असतो, त्यांना कुठून असणार? हेलिकॉप्टर एका कुशीवर कललं, पाती जमिनीला लागली, आणि पात्यांच्या लाकडाचे तुकडे उडाले. मी धावत जायला हवं होतं. दोन पावलं गेलोही. मग वाटलं, मी इथे काय करतोय म्हणून विचारलं तर? आणि परत फिरलो. त्या परत फिरण्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी बायको रिकाम्या हाताने आली.

"पाती दुसरी आहेत बाबांकडे," ती म्हणाली. "पण तीन सर्व्होंच्या आतले गिअर गेलेत. दातेच उडालेत. हात जसेच्या तसे आहेत, म्हणाले. एकालाही चरा नाही."

मी कपाळाला हात लावला. पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. प्लॅस्टिकचा साधा हात असता तर तो आधी मोडला असता आणि तसले हात खोक्यात पिशवीभर होते. माझा हात मोडला नाही, म्हणून धक्का तसाच आत गेला आणि जे इथे कुठेच मिळत नाही तेच मोडलं. कारखान्यात मी रोज फ्यूज बदलतो. फ्यूज का जळायला हवा, हे शिकाऊ पोरांना मी शिकवतो. आणि रागाच्या भरात मी पाच फ्यूजच्या जागी खिळे ठोकून दिले होते.

तीन रविवार पेटी आली नाही. कॅलेंडरच्या खिळ्यावरचा कागद बायकोने काढून कुठेतरी ठेवून दिला. माफीचं पत्र लिहायला मी तीनदा बसलो आणि मायन्यापाशीच अडलो.

चौथ्या आठवड्यात माझी पहिली पाळी होती. चारच्या सुमारास घरी आलो तर ओट्यावर आईसमोर पाटावर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. गुडघ्यावर जाळं, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यासमोर भिंग. माझे पाय पायरीपाशीच थांबले. त्यांची माझ्याकडे पाठ होती. आई सुई चालवत बोलत होती. तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. घरं मोजायला आलेला कुणी सरकारी माणूस आहे अशी तिची समजूत झाली होती आणि त्यांनी ती मोडली नव्हती.

"सून माजी गुनाची," ती सांगत होती. "बँकेत हाय. घरात पन करते सगला. नुसती ऐतवारी बापाकडनं आली की जेवत नाय. ताट घेऊन बसते नी शिवत नाय. मी इचारत नाय. बाप हाय तिचा, आपुन काय बोलाचा?"

सासऱ्यांनी भिंग खाली घेतलं. तेवढ्यात आईने मला पाहिलं.

"आयलास? यो बाबा कवापासून बसलाय. जालं कसा बांधतान, इचारतोय."

ते वळले. आम्ही पहिल्यांदा एकमेकांकडे इतक्या जवळून पाहिलं. मी सगळी तयार केलेली वाक्यं विसरलो आणि एकदम म्हणालो, "माझी चूक झाली. मी फारच—"

त्यांनी हाताने थांबवलं. शेजारची कंपासपेटी उघडून त्यातला एक सर्व्हो हातात घेतला. "गिअर का तुटले ते मला समजलं," ते शांतपणे म्हणाले. "माझा प्रश्न वेगळा आहे. आर्म वाकायला नको, पण वेळेला तुटायला मात्र हवा. हे दोन्ही एकाच तुकड्यात कसं आणायचं? तीन आठवडे विचार करतोय. जमत नाहीये."

मीही तीन आठवडे विचार करत होतो, पण फक्त स्वतःच्या चुकीचा. हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

आईने त्यांच्या हातून सर्व्हो घेतला. "तवाच बोलले मी याला, लय झाला," ती म्हणाली आणि मांडीवरचं जाळं त्यांच्यासमोर पसरलं. "यो बघा. जालं नायलॉनचा. वरचा दोर पन नायलॉनचा. पन दोराला जालं बांधलाय तो दोरा कच्चा, सुताचा. खाडीत खुंटाला जालं अरकला, का यो सुताचा तुटतो. जालं वाचतं. घरी येऊन परत बांधाचा."

मी त्या ओट्यावर लहानाचा मोठा झालो. तो सुताचा दोरा मी शेकडो वेळा तिला आणून दिला होता. तो कच्चा का, हे मी कधी विचारलं नव्हतं. सूत स्वस्त पडतं म्हणून असेल, अशी माझी समजूत होती.

सासऱ्यांनी खिशातलं पेन्सिल-कागद काढलं आणि ओट्यावरच आकृती काढायला घेतली. पट्टी एकाच बाजूला. मधल्या स्क्रूपर्यंत न्यायची नाही, मानेपाशी सोडायची. डिंक नाही. बांधायचं ते सुताने. मी म्हटलं, मानेपाशी एक बारीक भोक पाडू, म्हणजे तुटेल तर तिथेच. ते म्हणाले, अर्ध्या मिलिमीटरचं. मी म्हटलं, एक. ते म्हणाले, आधी अर्ध्याचं पाडून पाहू. आमची डोकी एका कागदावर वाकली होती आणि आई कधी माझ्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होती.

"बाबा," तिने शेवटी विचारलं, "तुमी वलखता काय याला? तुमचा कोन लागतो यो?"

त्यांनी पेन्सिल कागदावर ठेवली.

"जावई आहेत माझे," ते म्हणाले.

आईची सुई थांबली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. आपण मघाशी काय काय बोललो ते तिला आठवत होतं, हे तिच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, आता ती ओशाळेल. पण ती माझीच आई.

"मंग तीन वरसा कुठं व्हतास?"

इतक्या वयाच्या आणि इतक्या शिकलेल्या माणसाला असं कुणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी मधे काहीतरी बोलणार होतो. सासऱ्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पण परत घातला नाही.

"कुठे नाही हो, ताई," ते म्हणाले. "घरीच होतो."